वानरं हाकलायची आरोळी

सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहता पाहता वंदनाबाईंचे कान मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांकडे लागले.

“चिंधूभाऊ, तुमच्या पोट्ट्याचा रॉकचा कार्यक्रम पाहून आले म्हनते?”

“आलो बा. गिटार घेऊन नुसता बोंबलून राह्यला होता.”

“गानं कसं होतं?”

“गानं कायचं, गुणवंता! आपण संत्र्याच्या बगीच्यातून वानरं हाकलतो नं, तीच आरोळी.”

“मंग?”

“शेजारच्या बगीच्यातून आरोळी आली का आपण जवाब देतोच. मीबी उभा राहून देल्ला.”

“अरे बापा! अन् पोट्टा?”

“गानंच थांबवलं त्यानं. दहा वर्सांचा अबोला, अन् माइकवर ‘बाबा’ म्हनला. लोकं टाळ्या वाजवून राह्यले. काऊन, ते मले अजून समजलं नाही.”

“तुमी काय म्हनलं?”

“पुन्हा आरोळीच देल्ली.”