साधी खिडकी मागितली होती बाईंनी

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. चूक आपली, आणि दोष दुसऱ्यानं अंगावर घेतला. आपण फक्त गप्प बसलो. तर ते गप्प बसणं – खोटं बोलणं झालं की नाही?

आख्यान पुराणातलं नाही, माझंच आहे. कीर्तनाचा फेटा बांधायच्या आधी मी कॉम्प्युटर शिकवायचो. हसा, हसा – पुढे हसू येणार नाही.

खाडीकाठच्या आमच्या वाचनालयात तेव्हा जुने कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर मी मुक्त प्रणाली बसवली. कुणाच्या मालकीची नाही, सगळ्यांची. आपल्या नामासारखी! आता त्यात फायली दाखवणारा, हलवणारा एक प्रोग्राम लागतो – फाइल मॅनेजर. घरातलं कपाटच समजा. मुक्त प्रणालीत अशी कपाटं दहा, हवं ते निवडा.

ग्रंथपाल होत्या इंदुमतीबाई रेडकर. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज त्यांनी घरोघर जाऊन रेकॉर्ड केले होते. दोनशे बारा माणसं. त्या म्हणाल्या, "सर, मला साधी खिडकी द्या. मोठी चित्रं, आणि पुसायच्या आधी विचारणारी."

मी काय केलं? चार वाचकांच्या देखत म्हणालो, "बाई, ते बालवाडीचं झालं." आणि मला आवडणारा प्रोग्राम बसवला – दोन खणांचा, सगळं बटणांवर चालणारा. कॉपीचं बटण आणि पुसायचं बटण, मधे दोनच बटणं. वर 'खरंच पुसू का?' हा प्रश्न मी बंद करून टाकला. कचरापेटीसुद्धा बंद. का? तर मला वेळ लागायचा! वापरणार त्या, आणि सोय बघितली माझी.

महिन्याभरानं बाई त्या आवाजांची जादा प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायला बसल्या. बोट तीन बटणं पुढे पडलं. यंत्रानं काही विचारलं नाही. दोनशे बारा माणसं गेली.

डिस्क पुण्याला पाठवली. निम्मे आवाज परत आले. दामू कोळंबकराच्या बायकोचा आला नाही. ती, तारामती, आधीच वारली होती. दर गुरुवारी दामू येऊन कानाला हेडफोन लावायचा – जाळं कसं विणायचं, ते ती सांगायची. विणणं काय, त्याला येतच होतं.

समितीची बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, "हे कसं झालं?"

बाई उठल्या. म्हणाल्या, "माझ्या हातून गेलं."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मंडळी, तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी चहा प्यालो.

बाईंनी राजीनामा दिला. तीन महिने मी त्यांची गल्ली टाळून गेलो. मग एकदा गेलोच. बाई ओसरीवर फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मी मान खाली घालून म्हणालो, "बाई, तो प्रश्न मी बंद केला होता."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"बोट माझंच होतं ना? माझ्या वाटणीचं मी बोलले. तुमच्या वाटणीचं तुम्ही बोलाल, म्हणून बघत होते."



"मी आजच समितीला सांगतो," म्हणालो.

"समितीला मागाहून. आधी दामूला सांगा."

दामू होडीपाशी बसला होता. मी सगळं सांगितलं. म्हटलं, शिव्या देईल, एखादी चपराक देईल. बरं वाटलं असतं. त्यानं पाण्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "माका वाटलां, बाईन पुसल्यान. तीन म्हयने मी तिच्याशी बोलूक नाय. आता खंयच्या तोंडान जाव?"

कोणत्या तोंडानं जाऊ, विचारत होता. मला! त्याच्या पदरी हे पाप मी घातलं होतं, गप्प बसून.

मग समितीलाही सांगितलं. पुढे समितीनं बाईंना परत बोलावलं. त्या आल्या. साधी खिडकीही आली. तारामती काही आली नाही.

तर मंडळी, आईच्या हातात फोन देता, तेव्हा सोय कुणाची बघता? ते राहू द्या. एवढंच सांगा – तुम्ही गप्प बसलात म्हणून कुणी कुणाशी बोलायचं थांबलंय का? मान खाली घालू नका, मी इथून ओळखतो. माझीही तशीच जाते.

कीर्तन संपलं की माझ्या पाया पडायला येऊ नका. आधी ज्याच्याशी बोलायचं राहिलंय, त्याच्या दाराशी जा. विठ्ठल उभाच आहे, तो थांबेल. माणूस थांबेलच असं नाही.