काळ्या काठाचं पाकीट

हॅलिफॅक्सच्या रंगाऱ्याकडे दुखवट्यासाठी कपडे काळे करून घ्यायला बायकांची रांग लागली होती. आपला तपकिरी झगा मांडीवर घेऊन हेस्टर बाकावर बसली होती. शेजारच्या दोघींचं बोलणं आपसूक तिच्या कानांवर पडत होतं.

“एडा, परवा तर नात झाली म्हणून नाचत होतीस! आज झगा काळा करतेस तो कोणासाठी गं?”

“आई गेली, प्रिसिला.”

“अगं बाई! आजारी होत्या?”

“छे, ठणठणीत होती. मीच तिला पत्र टाकलं, नात झाल्याचं.”

“मग? आनंदाचीच बातमी की!”

“पाकीट काळ्या काठाचं होतं. सासऱ्यांच्या दुखवट्यातली पाकिटं उरली होती ना. म्हटलं, चांगला कागद वाया कशाला घालवायचा?”

“धन्य आहे तुझी! भाऊ तिकडे जहाजावर, आणि तू म्हातारीला दुखवट्याचं पाकीट धाडलंस?”

“आत सगळं गोडच लिहिलं होतं गं!”

“ते कळायला उघडायला नको?”

“नाहीच उघडलं. पोस्टमननं हातात दिलं, तशी ‘माझा जोसेफ!’ म्हणाली, नि उंबऱ्यातच कोसळली. शेजारणीनं मुठीतून सोडवून मला आणून दिलं. पाकिटावरची लाखेची मोहोरसुद्धा मोडलेली नव्हती.”

“देवा रे!”

“बाळाला तिचंच नाव ठेवलंय, असं लिहिलं होतं.”

हेस्टरनं झग्याची घडी उगाच मोडून पुन्हा घातली.

“आता जोसेफला कसं कळवणार?”

“पत्रानंच. पाकिटं आहेत की अजून अकरा.”