ताम्हनाशेजारचा पत्रा

सुलेखा : ओरडू नकोस, उल्हास. आधी सांग, तुझ्या त्या मॉडेलच्या रणगाड्याचा पत्रा माझ्या ताम्हनाशेजारी ठेवला कोणी?

उल्हास : अगं, वाळायला ठेवला होता! त्या खिडकीत जरा वारा येतो.

सुलेखा : मग मला काय स्वप्न पडणार? उद्याच्या पूजेची तांब्याची भांडी घासायला काढली होती. त्यातच हा, काळपट, मळकट. लावलं चिंच-मीठ आणि घासला काथ्यानं. खालून छान लाल निघालं. मला वाटलं, तांबंच!

उल्हास : प्रायमर आहे तो, रंगाखालचा पहिला हात! त्याच्यावर मातकट पिवळा, त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे, त्यावर चिखल. जर्मन रणगाड्याच्या बाजूला असे पत्रे टांगलेले असायचे. एकेक पत्रा रंगवताना डोळे गेले माझे.

मैत्रेयी : बाबा, रिलॅक्स लाह. एकच तर पीस आहे.

उल्हास : एकच? दुपारी कम्युनिटी क्लबातल्या स्पर्धेत मॉडेल मांडायचंय! गेल्या वर्षी परीक्षक काय म्हणाले? 'सुंदर आहे, पण शोरूममधून आत्ताच आणल्यासारखा वाटतो.'

सुलेखा : वाटणारच. जुरोंग आयलंडवर दिवसभर तेलाच्या टाक्यांचा रंग तपासतोस. एक ओघळ दिसला की काम नापास. घरी तरी तुझा हात मळणार कसा?

उल्हास : म्हणून तर यंदा जीव ओतला. एकदा, फक्त एकदा कोणीतरी म्हणावं, हा खरा लढून आलाय. आता हसतील सगळे.

सुलेखा : चुकलंच रे माझं. फार वाईट वाटतंय. परत रंगव ना पटकन.

उल्हास : या दमट हवेत? दुपारपर्यंत वाळायचा नाही.

मैत्रेयी : बाबा, हे पत्रे वेल्ड केलेले असायचे?

उल्हास : छे, नुसते अडकवलेले. झाडाझुडपांत अडकले की पडायचे. मग मिळेल तो दुसरा टांगायचे.

मैत्रेयी : आणि रंग मॅच व्हायचा?

उल्हास : लढाईत कसला मॅच, मिळाला तो... थांब.

मैत्रेयी : सी? जुना पडला, नवा लावला. पेंट करायला टाइमच नाही.

उल्हास : नुसत्या प्रायमरवर? असं काम मी जन्मात पास केलेलं नाही.

सुलेखा : आज कर.

उल्हास : कडेला चिंचेचा डाग राहिलाय बघ.

सुलेखा : पुसू?

उल्हास : हात लावू नकोस! गंज वाटतोय तो.

(संध्याकाळी, फोनवर.)

सुलेखा : काय रे, बक्षीस?

उल्हास : नाही मिळालं. पण टॅन सर, तेच गेल्या वर्षीचे परीक्षक, लाल पत्र्यापाशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. मग विचारलं, याचा जुना पत्रा पडला कुठं?

सुलेखा : अगं बाई! काय सांगितलंस?

उल्हास : खरं तेच. आमच्या स्वयंपाकघरात.

सुलेखा : शहाणाच आहेस! हसले असतील.

उल्हास : खूप हसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि म्हणाले, 'काही म्हणा, हा लढून आलाय.'

सुलेखा : उल्हास... रडतोयस की काय?

उल्हास : नाही गं. एमआरटी ट्रेनमध्ये आहे. काही आणायचंय का?

सुलेखा : चिंच आण. सगळी तुझ्या रणगाड्यावर संपली.

उल्हास : जरा जास्तच आणतो.