भिंतीवर सुनंदा

मागच्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली, ऐका. शहरातल्या जुन्या खेळाडूंचे फोटो एका दालनात लावले, त्यात खो-खोसाठी मीही होते. उद्घाटनाला आमच्या प्रशिक्षक सरांना घेऊन गेले. पाहते तर माझ्या नावावर फोटो सुनंदाचा. ती माझ्याच संघातली. लग्नानंतर तिचा खेळ सुटला, मी खेळत राहिले.

संयोजकांना म्हटलं, "अहो, ही मी नव्हे."

ते ओशाळले. "उद्याच बदलतो, मॅडम."

सर मला म्हणाले, "अंतिम सामन्यात तुला शेवटचा खो कुणी दिला?"

"सुनंदानं."

"मग तिला काढायची घाई कसली?"

 गडी मी बाद केला, टाळ्या मला मिळाल्या. पण तिनं वेळेवर खो दिला नसता, तर मी जागची उठलेच नसते. संयोजकांना सांगितलं, "हा राहू द्या. खाली तिचं नाव लिहा. माझा शेजारी लावा."

आठवड्यानं सुनंदाला कर्वेनगरहून घेऊन आले. बराच वेळ फोटोसमोर उभी होती. मग डोळे पुसत म्हणाली, "उद्या नातीला आणते. तिला वाटतं, आजी थापा मारते."