दोनशे चाळिसावा दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्यामकांत दळवी साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे जुने मित्र जयवंत राणे, सर्व सहकारी बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसून ‘थोडक्यात आटप’ असं डोळ्यांनी सांगणारी माझी पत्नी सुलक्षणा,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. जयवंत माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलला, की तो कोणा दुसऱ्याबद्दलच बोलतोय असं मला वाटलं. दीड वर्षात तो माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला, तेही माइकवरून. आभारी आहे.

एकतीस वर्षं मी अंधेरीच्या या कारखान्यात कंत्राटी कामगारांची हजेरी सांभाळली. माझे वडील गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि ते घाटकोपरच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसून राहिले. मला एकच सांगायचे, “बावट्याच्या मागे जाव नको रे.” नाही गेलो. गेटवर लाल झेंडा दिसला की मी रस्ता ओलांडायचो.

माझं कौशल्य कोणतं? आपल्याला ठाऊक आहे, सुलक्षणाला नाही. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याने माणसाला सहज काढता येत नाही. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला ‘ब्रेक’ द्यायचो. महिनाभराने तोच माणूस दुसऱ्या कंत्राटदाराच्या कार्डावर नवीन म्हणून यायचा. माझी मोजणी कधी चुकत नाही, याचा मला अभिमान होता.

पॅकिंगमधली मंजुळा माहुलहून यायची. अकराव्या ब्रेकला कार्ड परत देताना म्हणाली, “साहेब, दर वर्षी तुम्ही मला नवीन करता. जुनी कधी होऊ देणार?” मी हसलो. घरी जेवण मात्र गेलं नाही.

माणसाचे विचार एका दिवसात बदलतात का हो? माझे नाही बदलले. आधी कँटीनमधल्या युनियनवरच्या विनोदांना हसू येईनासं झालं. मग गेटवरची पत्रकं खिशात घालून घरी नेऊ लागलो. मग एका निवडणुकीत वडिलांच्या फोटोकडे न बघता घराबाहेर पडलो आणि आयुष्यात कधी दाबलं नव्हतं ते बटण दाबलं. सुलक्षणा, हे तुलाही आजच कळतंय. आता मला कोणी ‘लाल’ म्हणालं तर राग येत नाही.

आणि मग मोजणी चुकली. मंजुळा एका रविवारी अर्जंट ऑर्डरसाठी आली होती; रजिस्टरमध्ये हजेरी होती, पण तो दिवस मी मोजणीत धरलाच नव्हता. तिचे दोनशे चाळीस भरले. तरी तिला काढलं, ती लेबर कोर्टात गेली. रजिस्टरमधला तो रविवार खोडा, असं मला सांगण्यात आलं. कोणी सांगितलं ते आज नको, पाहुणे बसलेत. मी खोडला नाही.

त्यानंतर जयवंताचा डबा दुसऱ्या टेबलावर गेला. तेवीस वर्षं माझ्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं तो माझ्याआधी संपवायचा. सुलक्षणा, तू अजून दोघांपुरतं देतेस. मीही तुला काही सांगितलं नाही. मीच संपवतो.

गेटवरच्या सभेलाही एकदा गेलो. कोणीतरी खुर्ची दिली, जरा लांब. त्यांचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं मी ब्रेक देणारा माणूस. इकडचा राहिलो नाही, तिकडचा झालो नाही. फार एकटं वाटतं, खरं सांगतो.

गेल्या महिन्यात माफी मागायला माहुलला मंजुळाच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं. म्हणाली, “माफीचं राहू द्या साहेब. साक्षीला या.”

येत्या सोळा तारखेला मी जातोय. अध्यक्ष महोदय, हे आपल्या तोंडावर सांगितलेलं बरं. रजिस्टरवरची सही माझी आहे आणि तो रविवार खरा आहे, एवढंच सांगणार आहे. जयवंता, तू तिथे कंपनीच्या बाजूला बसशील, मला माहीत आहे. मी डबा आणीन. दोघांपुरता.

आपण एवढा वेळ काढून हा निरोप दिलात, मनापासून आभार. या गेटातून शेकडो माणसांना मी निरोप दिला, एकाचंही नाव कधी माइकवर घेतलं नाही.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कामात जे झालं, त्याची माफी या हॉलमध्ये मिळण्यासारखी नाही. नमस्कार.