माटवीचा तंगूस

(चतुर्थीचा दुसरा दिवस. गणपतीच्या खोलीचं दार उघडं, बाहेर पडवी. गणपतीच्या वर टांगलेली फळा-नारळांची माटवी.)

गौरजा: माका बघू नको, वर बघ. गणपतीच्या वर. ता तवसा कशान बांधलंस?

चंदन: आरती संपते न संपते तोच काय गं? सकाळपासून खाडीत होतीस, आधी चहा घे. कपडे ओले आहेत तुझे.

गौरजा: दादा, तवसा कशान बांधलंस?

चंदन: दिसतंय का काही? नाही ना! तीच तर गंमत. तवसं, नारळ, कवंडळं, सगळी माटवी हवेत तरंगतेय. फोटो टाकला तर मुंबईहून ऑफिसातले विचारतायत, कसं केलंस.

गौरजा: माझो लीडर आसा तो.

चंदन: काय आहे?

गौरजा: लीडर! गरयेच्या दोऱ्याक पुढे जो पारदर्शक दोरो, तंगूस, जोडतंय, तो. माझ्या खोक्यातलो. सगळो गाव माटवी केवणीच्या सालीन बांधता. बाबा दरवर्षी डोंगरार जावन केवण आणतत. यंदा तू म्हणालंस, मी आणतंय. खंय आसा तुझी केवण?

चंदन: पाऊस होता गं. वर जळवा. म्हटलं घरात काहीतरी मिळेल, तर तुझ्या खोक्यात हे रीळ दिसलं.

गौरजा: दिसला म्हणान काढलंस!

आई: काय चल्लाहा तुमचा? देवाच्या दारात आवाज कित्याक? शेजारी दर्शनाक येतले आता.

गौरजा: येवंदेत. तेंका पण दाखवतंय ह्येची कारागिरी.

आई: तू पण गो! चतुर्थीत घरात मासो शिजणा नाय नि तू खाडीत गरी टाकीत बसलंस.

गौरजा: बेळगावचे लोक सुट्टेक इलेत, आई. ते मासो धरतत, फोटो काढतत नि सोडतत. तुका हजारदा सांगलंय. दादा, रीळ नेलंस ता नेलंस. मगे रिकाम्या रिळार काय गुंडाळलंस?

चंदन: तुझं नुकसान नको म्हणून केलं ते. इथे पडवीत बाबांचा तंगूस टांगलेला होता, तोच गुंडाळून ठेवला. उलट थोडा जास्तच आहे. तंगूस तो तंगूस.

गौरजा: शिरा पडली तुझ्या कारभारार! तो तंगूस वर्सान् वर्सा उन्हात मेललो आसा. बाबा तेना पडवळीचे वेल बांधतत, वेल! आज मोठो मासो लागलो नि तो तुटलो.

चंदन: मला काय माहीत? दिसायला तर सारखाच.

गौरजा: सारखो? आयक. पाण्याच्या वर उड्या मारता तो खोटो मासो, पॉपर, तेका साधो तंगूस जोडूचो. तो तरंगता, म्हणान पॉपराचा नाक बुडणा नाय. खोल जाणारो मासो आसलो तर दोरो बारीक व्हयो, जाडो दोरो तेका खाली जावक देणा नाय. आणि जेटीच्या कातळाकडे चोणक गरवूचो आसलो तर पुढे ह्योच लीडर व्हयो, जो तू नारळाक लावलंस. कातळार कालवां आसतत, चोणकाच्या गालफडाक धार आसता. ह्यो घासलो तरी टिकता, नि पाण्यात दिसणा नाय. तुका एकच गोष्ट कळली, दिसणा नाय ती!

चंदन: अगं, पण बांधताना तुला तरी कळायला नको?

गौरजा: काळोखात बांधलंय मी! रिळारचा नाव वाचलंय नि बांधलंय. माझ्या रिळार दुसराच काय आसात ह्या माझ्या सपनात पण इला नाय.

आई: मासो सुटलो ना? सुटूंदे गो. खाडी खंय पळान जाता?

गौरजा: मासो सुटल्याचा माका कायएक नाय, आई. तो तसो पण सोडूचोच होतो. पण दोरी तुटली नि मी त्या बेळगावच्या विनीत सरांर आराडलंय. माझ्या होडयेत, तेंच्या मित्रांसमोर. तुम्ही गरीवरचं रीळ जास्त घट्ट केलंत, तुम्हाला मोठा मासा खेळवता येत नाही, असा तोंडार बोललंय. त्या माणसान गरी खाली ठेवल्यान नि म्हणालो, जेटीवर सोडा.

आई: अगो बाय माझ्या.

गौरजा: घराक येवन तो तुटको तुकडो दातात धरलंय, तर भुगो झालो. तरी माका कळाक नाय. म्हटलंय, कंपनीन फसवल्यान. मगे आरतीक उभी रवलंय, नि वर बघलंय. टाळये वाजवूक हात उचलले ते तसेच रवले माझे.

चंदन: बरं, चुकलं माझं. मुंबईला गेलो की नवीन रीळ पाठवतो. यापेक्षा भारी. पण एका दोरीसाठी घर डोक्यावर घ्यायचं म्हणजे... शेवटी नादच आहे ना हा तुझा.

गौरजा: नाद?

चंदन: म्हणजे, चांगला नाद आहे. मी सगळ्यांना सांगतो.

गौरजा: बाबांच्या जाळ्यातली दोरी कापलं असतंस माटवीक?

चंदन: बाबांच्या जाळ्याला कोण हात लावेल?

गौरजा: कित्याक नाय?

चंदन: अगं, घर चाललंय त्या जाळ्यावर. लहानपणी जाळं ओलांडलं तरी मार बसायचा आपल्याला.

गौरजा: आणि आता? बाबा दम्यान बसलेत, तेंची होडी वर काढलेली आसा. आता कशार चलता घर, सांग माका.

चंदन: मी पाठवतो की.

आई: तू चतुर्थीक पाठवतंस, बाबू. तेचो आमका आनंदच आसा. बाकी सगळा तीच बघता. बाबांचा औषध पण.

चंदन: हे मला कोणी सांगितलं नाही.

आई: तू कधी इचारूक नाय.

गौरजा: तेका कशाक दोष देतंस, आई? तू तरी काय म्हणतंस लोकांका? आमचा चेडू खाडीत खेळता, असाच ना? काल दर्शनाक इलेल्या काशीबाईंका तसाच सांगलंस. मी आतसून आयकलंय.

आई: बोलण्यात येता गो तसा.

गौरजा: तुमच्या बोलण्यात येता, नि मगे कोणीय माझा खोका उघडता. ते विनीत सर आपलो आख्खो ग्रुप माझ्याकडे पाठवणार होते, पुढच्या सीझनाक. आता उद्या आरोंद्याक जातत. थयल्या माणसाक फोन पण केल्यानी.

चंदन: थांब. मी माटवी सोडवतो. आत्ता काढून देतो तुझं.

आई: हात लावशीत तर बघ! विसर्जनाआधी माटवेक हात लावणत नाय.

गौरजा: रवंदे ता. देवाक वाहिलेला माका नको. माझो राग देवार नाय.

आई: चंदन, त्या सरांका फोन लाव.

चंदन: मी? मी काय बोलू?

आई: जा काय केलंस ता बोल.

गौरजा: नको. तेंका वाटतला, भैणीन चूक केल्यान नि भाऊ पांघरूण घालता.

आई: वाटूंदे. तू नंबर दी तेका. लाव रे.

चंदन: हॅलो, विनीत सर? नमस्कार. मी चंदन, गौरजाचा भाऊ. सकाळी जेटीवर होतो बघा... हो, फोटो काढत होतो, तोच. सर, तुमच्या हातून दोरी तुटली ना, त्यात तुमची काही चूक नव्हती. ... नाही नाही, तिचीही नव्हती. तिच्या रिळावरची चांगली दोरी मी काढून घेतली आणि त्यावर जुनी कुजकी गुंडाळून ठेवली. ... हो, न विचारता. ... नंतरही सांगितलं नाही, बरोबर. ... गणपतीला आमच्याकडे माटवी बांधतात, तिच्यासाठी. नारळ टांगायला.

गौरजा: काय म्हणतत?

चंदन: हसतायत.

गौरजा: हसतत? माका हसाक येणा नाय अजून.

चंदन: गप रव गो जरा. ... नाही सर, तुम्हाला नाही. ... उद्या? मी? ... नको सर, माझा काही उपयोग नाही. मला सगळ्या दोऱ्या सारख्याच दिसतात. खाडीतलं मला काही येत नाही. ... नाही, मी फक्त गणपतीला येतो. ... होडी? नाही, माझी नाही. ... वडिलांचीपण नाही सर. तिची आहे. सामानही तिचंच. ... हो, बुकिंगपण तीच घेते. ... आहे ना, समोरच उभी आहे. ... देतो.

आई: काय झाला रे?

चंदन: गौरजा, घे. मालकाक फोन दी म्हणतत.