पत्नी शून्य, कपाट तेवीस

विषय : प्रबंधाच्या पान एकशे बहात्तरवरील नोंद दुरुस्त करून मिळण्याबाबत. संदर्भ : एक, माझा अर्ज. दोन, त्या अर्जावर आलेलं त्रुटीपत्र. तीन, त्रुटीपत्राला मी दिलेलं उत्तर. चार, त्या उत्तरात सापडलेल्या त्रुटींचं पत्र... महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय... जाऊ दे हो, तुमच्यापुढे कसलं सविनय! तुम्ही आपली माणसं, तुम्हाला तोंडीच सांगतो. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली मी. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, आणि सोबत एक कागद कमी आहे म्हणून परत द्यायचे. खिडकीपलीकडचा माणूस काकुळतीला येऊन म्हणायचा, 'साहेब, अहो खरंच घडलंय हो!' आणि मी वर न बघता म्हणायचो, 'जे कागदावर नाही, ते घडलेलंच नाही.' काय रुबाब होता त्या वाक्यात! आता तेच वाक्य मला घरात ऐकायला मिळतं. दिवसातून दोनदा. जेवणाबरोबर.

झालं असं की माझ्या मेहुणीची मुलगी, तुम्हाला सांगतो, विद्यापीठात संशोधन करते. हुशार आहे, प्रश्नच नाही. एक दिवस आली, चपला काढता काढता म्हणाली, 'काका, मला तुमची मुलाखत हवीय.' मी म्हटलं, माझी? मी काय केलंय? तर म्हणे, 'तेच तर. तुमच्यासारख्यांना कोणी विचारतच नाही.' आता ह्यात स्तुती किती आणि टोमणा किती ते मला अजून उलगडलेलं नाही. विषय काय, तर 'कार्यालयीन अवकाशातील वस्तू, स्मृती आणि मौन'. म्हटलं, अगं, मौनावर संशोधन करतेस तर लोकांना बोलायला का लावतेस? तर चष्मा सावरत म्हणाली, 'काका, मौन हासुद्धा डेटा असतो.' असेल बाबा! आमच्या काळी मौन म्हणजे साहेब केबिनमध्ये आहेत एवढाच अर्थ होता.

मग तिनं एक संमतीपत्र काढलं. सहा पानी! अक्षर एवढं बारीक की मुंग्यांची रांग बरी. माझा चष्मा नेमका सापडेना, तेव्हा नेहमीसारखं आमच्या हिनंच ते घेतलं, भराभर भरलं, चौकटींत खुणा केल्या, आणि सहीसुद्धा ठोकून दिली. माझी सही. आता तुम्ही दचकू नका, ते का ते पुढे येईल. त्या पत्रात लिहिलं होतं की माझं नाव कुठेही येणार नाही, मला क्रमांक मिळेल. सात. चौतीस वर्षं लोकांना टोकन नंबर दिले, म्हातारपणी मला मिळाला!

ही कीर्तनाला निघून गेली आणि सुरू झाली मुलाखत. टेबलावर ते यंत्र, त्याचा लाल दिवा, मी सदरा घालून ताठ बसलेलो. आणि काय सांगू तुम्हाला, बोलायला लागलो तर थांबेनाच! आमचं ते कपाट क्रमांक तीन होतं ना, लोखंडी, त्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही, आणि लाथही डाव्या पायाची, खालून चार बोटांवर... बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी त्याच्याशी झटापट करायचा आणि शेवटी मला बोलवायचा. ते सगळं सांगितलं. शिक्क्यांचं सांगितलं. आणि हो, एका साहेबांनी माझ्या टिपणीवर लाल शाईत शेरा मारला होता, 'टिपणी सुस्पष्ट व मुद्देसूद', तेही सांगितलं. चौतीस वर्षांत एकच शेरा मिळाला, तो नाही सांगायचा तर काय सांगायचं?

आणि तिथेच घसरलो.

कारण भाचीनं विचारलं, 'काका, ती टिपणी कशाबद्दल होती?' आणि मी त्या लाल दिव्याकडे बघितलं. मग म्हणालो, 'ते बटण बंद कर आधी.' ती बिचारी म्हणाली, 'काका, चालू असतानाच सांगा ना, हेच तर मला हवंय!' मी म्हटलं, छे छे! खासगी बाब, त्यात नियमबाह्य, रेकॉर्डवर कशी घेणार? सवयच ती. घरचं फायलीत नाही आणि फायलीतलं घरी नाही. लाल दिवा विझला आणि मी चाळीस मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा बोललो, खरं सांगतो.

काय बोललो? आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, पेन्शन सुरू होऊन जमाना झाला. बावीस वर्षांपूर्वी माझे डोळे गेले होते. गेले म्हणजे अगदी गेले नव्हते, पण कागद म्हणजे पांढरं धुकं. ऑपरेशनचा नंबर लागायला आठ महिने. ऑफिसात सांगितलं असतं तर टेबल काढून घेतलं असतं आणि बढती गेली असती ती वेगळीच. मग काय करायचो? दिवसभर चष्मा पुसत बसायचो आणि प्रत्येकाला 'उद्या बघतो' म्हणायचो. ते तसंही तिथे सगळेच म्हणतात, कोणाला शंकासुद्धा आली नाही! आणि संध्याकाळी फायली पिशवीत, वर वर्तमानपत्र, की घरी. हिनं जेवणाच्या टेबलावर बसून वाचून दाखवायच्या, मी मजकूर सांगायचा, तिनं लिहायचा. माझ्या अक्षरात! पंधरा दिवसांत तिनं माझं अक्षर असं उचललं की माझा 'ल' माझ्यापेक्षा तिलाच बरा जमायला लागला. सही तर विचारूच नका.

बरं, नुसतं लिहिती तर गोष्ट वेगळी. पण महिन्याभरात तिनं मधेच थांबायला सुरुवात केली. 'अहो, हा अर्ज परत का पाठवताय?' म्हटलं, एक दाखला कमी आहे. 'दाखला ह्याच फायलीत आहे, मागच्या अर्जासोबत लावलेला. ती बाई तिसऱ्यांदा हेलपाटा घालतेय हो!' म्हटलं, तू लिही गं सांगतो ते. 'मी नाही लिहिणार. चुकीचं आहे.' आता बोला! डोळे तिचे, हात तिचा, मी वाद कशाच्या जोरावर घालणार? पुढेपुढे मी मजकूर सांगायचंच सोडलं. ती वाचायची, तीच लिहायची, मी नुसता हुंकार भरायचो. तो लाल शाईतला शेरा त्याच आठ महिन्यांतला. 'टिपणी सुस्पष्ट व मुद्देसूद.' मी घरी येऊन सांगितला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. 'बरं झालं' म्हणाली. बस्स. आणि बावीस वर्षं मी तो शेरा माझा म्हणून मिरवतोय. तिच्यासमोरसुद्धा!

तर हे सगळं भाचीला सांगितलं, डोळे पुसले, चहा घेतला, ती गेली. पुढे तिला पदवी मिळाली. प्रबंधाची बांधलेली प्रत मोठ्या प्रेमानं मावशीला आणून दिली. आणि मावशीनं, तुम्हाला सांगतो, तो वाचला! पहिल्या पानापासून! प्रबंध कोणी वाचतं का हो? परीक्षकसुद्धा चाळतात! तीन दिवस ही वाचतेय, पेन्सिलीनं खुणा करतेय, आणि चौथ्या दिवशी माझ्यापुढे पान एकशे बहात्तर उघडून ठेवलं. प्रकरण चौथे, 'अनुपस्थित पत्नी'.

'सहभागी क्रमांक सात यांच्या दोन तास अकरा मिनिटांच्या कथनात कपाट क्रमांक तीनचा उल्लेख तेवीस वेळा येतो. पत्नीचा उल्लेख शून्य वेळा येतो.' शून्य! संगणकानं मोजलंय! आणि खाली, 'वरिष्ठांकडून मिळालेल्या शेऱ्याचा ते अभिमानाने निर्देश करतात.'

मी म्हटलं, अगं, मी सांगितलं होतं, पण बटण बंद करून...

'हो ना, तेही लिहिलंय. सहभागीच्या विनंतीवरून रेकॉर्डिंग बंद, चाळीस मिनिटे. काय बोलत होता चाळीस मिनिटं?'

'तुझ्याबद्दल!'

'आता पकडल्यावर तेच सांगणार.'

'देवाशपथ!'

तेव्हा तिनं पुस्तक मिटलं, चष्मा काढला, आणि माझ्याच आवाजात, अगदी तो खिडकीतला आवाज काढून, वर न बघता म्हणाली, 'जे कागदावर नाही, ते घडलेलंच नाही.'

त्या दिवसापासून घरात मी आणि कपाट. 'चष्मा कुठे आहे गं?' 'कपाटाला विचारा.' 'आज जेवायला काय आहे?' 'तेवीसवाल्यांना आधी वाढते, मग शून्यवाल्यांचं बघू.' भाचीला फोन लावला, म्हटलं, बाई गं, तुझ्या मावशीला एवढंच सांग मी काय बोललो ते. तर म्हणते कशी, 'काका, ते ऑफ द रेकॉर्ड होतं. मी सांगू शकत नाही. नैतिकतेचा प्रश्न आहे.' अगं, माझीच गोष्ट, माझ्याच बायकोची, मीच सांगतोय की सांग! 'तशी लेखी मागणी नैतिकता समितीकडे करा. पण काका, सहभागी क्रमांक सात तुम्हीच असं मी त्यांना सांगू शकणार नाही हं, गोपनीयता आहे.' मग हळूच म्हणाली, 'मी तेव्हा म्हटलं होतं ना काका, चालू असतानाच सांगा.' म्हटलंच होतं तिनं.

केला अर्ज. नेहमी घरातलं सगळं लेखन हीच करते, पण हा कसा देणार तिला? पहिल्यांदा स्वतः बसून लिहिला. ओळी डोंगर चढल्यासारख्या गेल्या, पण लिहिला. विद्यापीठात तिसरा मजला, लांब बोळ, टोकाला खिडकी. खिडकीत एक तरुण बाई. अर्ज घेतला, शिक्का मारला, वर बघितलं नाही. मला क्षणभर काय वाटलं सांगू? आरशात बघतोय! पंधरा दिवसांनी त्रुटीपत्र. 'आपण सहभागी क्रमांक सात असल्याचा पुरावा जोडावा.' उत्तर दिलं, तुमच्याकडे जमा केलेल्या सीलबंद पाकिटात माझं संमतीपत्र आहे, उघडून सही ताडून बघा. त्यांनी उघडलं, ताडून बघितलं. दुसरं त्रुटीपत्र. 'संमतीपत्रावरील अक्षर व सही अर्जदाराशी जुळत नाही.'

जुळेल कसं!

गेलो पुन्हा. तीन मजले, बोळ, खिडकी. 'मॅडम, अहो, संमतीपत्र माझ्या पत्नीनं भरलंय.' 'आणि सही?' 'तीही तिनंच.' 'मग सहभागी सात कोण? तुम्ही की त्या?' मागे रांग उभी, सगळ्यांचे कान टवकारलेले. आणि काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगितलं. डोळे, पिशवी, आठ महिने, लाल शाई. बायकोबद्दल ऑफिसच्या खिडकीत बोलायची जन्मातली पहिली वेळ, तीही खिडकीच्या भलत्या बाजूला उभं राहून! माझ्यामागचे एक गृहस्थ तर चक्क 'वा' म्हणाले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं, आणि तुम्हाला सांगतो, वरसुद्धा बघितलं. मग म्हणाल्या, 'आजोबा, हे सगळं छान आहे. पण हे लेखी द्या. आणि संमतीपत्राचं अक्षर ज्यांचं आहे, त्यांच्याच अक्षरात द्या. तरच जुळेल.'

म्हणजे बघा हं. जिच्यासाठी अर्ज, तिनंच तो लिहायचा. माझ्या वतीनं. माझ्या अक्षरात. जे तिचं आहे.

घरी आलो. ही टेबलाशी बसलेली. म्हटलं, एक अर्ज लिहायचाय, लिहिशील? तिनं कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. 'सांगा मजकूर.' मी सुरुवात केली, 'सन अमुकमध्ये माझी दृष्टी अधू असताना माझ्या पत्नीनं मला टिपण्या लिहायला मदत केली...'

पेन थांबलं. 'मदत?'

'...बरं. टिपण्या पत्नीनं लिहिल्या.'

'पुढे.'

'मुलाखतीत चाळीस मिनिटं मी तिच्याबद्दल बोललो. ते मीच नोंदवू दिलं नाही. लाल शाईतला शेरा माझा नाही, तिचा आहे. पान एकशे बहात्तरवर तशी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.'

तिनं सगळं लिहून घेतलं. मान वर केली नाही. अक्षर काय सुंदर, तुम्हाला सांगतो, माझं असं कधी आलंच नाही. मग एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. 'शेरा तिचा आहे' ह्या ओळीवर जरा जास्त वेळ थांबल्यासारखी वाटली, पण माझे डोळे, मी काय खात्री देणार? मी म्हटलं, झालं ना? मग ठोक सही. उद्याच नेऊन देतो.

ती म्हणाली, 'सही लगेच कशी करणार? आधी तपासून बघते. मजकुरात त्रुटी असल्या तर कळवीन.'

आणि कागदाची घडी घालून उठली आणि कपाटात ठेवला. आमच्या घरात कपाट एकच आहे. किल्ली तिच्या कमरेला असते.

ह्या गोष्टीला आज एकोणीस दिवस झाले. काल भीत भीत विचारलं, अर्जाचं काय झालं गं? तर हसली नाही, रागावली नाही, चष्मा पुसत पुसत म्हणाली, 'उद्या बघते.'

तरी सद्यःस्थिती सविनय सादर. अर्ज प्रलंबित आहे.